मदत हवी आहे : एसएमपीएसच्या केबल आखूड करताना पिना सुटतायत

रामबाग_इंदूर :
नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरच्या छोट्या कॅबिनेटात पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबल काढता येणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे. २४ पिनांची केबल ६० सेंमी, लागते जेमतेम ३५. मदरबोर्डकडच्या टोकाच्या चार पिना काढल्या, तारा कापल्या आणि नव्या पिना नोज प्लायरने दाबल्या. दोन ओढताच निसटल्या, एक हाउसिंगमध्ये (पिना धरणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) अडकतच नाही. वरून सोल्डर मारलं तर चालेल? आणि पिना इंदुरात कुठे बघू?

तांब्याची_तार :
सोल्डर नको. ते तारेत वर चढतं, पिनेमागचा भाग काडीसारखा ताठ होतो आणि वाकवला की तिथेच तुटतो. तुमचा दोष दाबण्यात आहे.

पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची तांब्यावर, मागची रबरावर. प्लायर त्यांना नुसतं चपटं करतो, खाली पोकळी राहते. रॅचेटचं ओपन बॅरल (उघड्या पंखांच्या पिनांचं) क्रिंपिंग टूल, म्हणजे पिन तारेवर दाबायचं हत्यार घ्या, १८ गेज जाडीच्या तारेचा साचा असलेलं. एसएन-२८बी प्रकारचं चालतं. रबर साडेतीन मिमी सोला, तांब्याचा एकही केस कापू नका. पंख साच्यातल्या दोन गोलाईंकडे ठेवा, एक खटका दाबून पिन धरून ठेवा, मग तार घाला आणि टूल आपोआप सुटेपर्यंत दाबा.

आता भिंगाखाली बघा. पुढचे पंख आत वळून तांब्याच्या पोटात रुतलेले हवेत. त्यांच्या पुढे तांब्याची टोकं किंचित डोकावली पाहिजेत, आणि दोन जोड्यांच्या मधल्या फटीत तांबं व रबर दोन्ही दिसलं पाहिजे. तिथे नुसतं रबर दिसलं तर पुढचे पंख रबरावर चढलेत, ती पिन कापून टाका. बरी दिसली तरी पाच किलोचं वजन टांगून बघा, तार हलता कामा नये.

न अडकणाऱ्या पिनेचे बाजूचे दोन काटे दबलेले असतील, ब्लेडने हलके उचला. तरीही जात नसेल तर मागचे पंख फुगलेत.

खटका_१६ :
दोन गोष्टी राहिल्या, आणि नुकसान त्यांच्यातच होतं.

एसएमपीएसकडचं टोक अजिबात उघडू नका. त्या बाजूची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळी असते. दुसरी मॉड्युलर केबल तिथे बसली म्हणजे ती योग्य झाली असं नाही, १२ व्होल्ट ५ च्या जागी जाऊन हार्ड डिस्क जळते.

दुसरं, १३ क्रमांकाची पिन. तिच्यात ३.३ व्होल्टच्या जाड तारेबरोबर बारीक सेन्सची तारही असते, म्हणजे तिथला व्होल्टेज एसएमपीएसला परत कळवणारी. ती गाळली तर ३.३ व्होल्टचं नियमन बिघडतं, एखादा एसएमपीएस चालूच होत नाही. दोन्ही तारा एका पिनेत कोंबल्या की मागचे पंख मिटत नाहीत. बारीक तार ३-४ सेंमी मागे जाड तारेला जोडा, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि पिनेत एकटी जाड तार घाला. सोल्डरची जागा हीच. काही मॉडेलात ५ आणि १२ व्होल्टलाही सेन्स असतो, म्हणून मीटर लावूनच ठरवा.

रामबाग_इंदूर :
तारा सगळ्या काळ्या आहेत. पूर्ण झुबका एकदम कापू का?

खटका_१६ :
नाही, एकेक तार. काढा, कापा, नवी पिन दाबा, हाउसिंगच्या त्याच घरात परत बसवा, मग पुढची. २० क्रमांकाचं घर रिकामं असतं, म्हणजे २३ पिना. वाया जातील म्हणून ४० घ्या, ४.२ मिमी मिनी-फिट ज्युनिअर प्रकारच्या, मादी, १८ गेज. सिल्व्हर मॉल आणि जेल रोडला विचारा, पण जुनी पिन सोबत न्या. वाकणाच्या बाहेरच्या तारा २ सेंमी लांब ठेवा.

तांब्याची_तार :
झाल्यावर मीटरच्या बीपवर प्रत्येक पिन तपासा, शेजारच्या पिनेशीही. मग मदरबोर्डशिवाय १६ क्रमांकाची पिन ग्राउंडच्या पिनेला जोडून एसएमपीएस चालू करा. १२ च्या पिनेवर ११.४ ते १२.६, ५ च्या पिनेवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ च्या पिनेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट, एवढ्यातच हवं.

ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनांत १५० वॅट तीनच तारांतून जातात, प्रत्येकीत ४ अँपिअरवर. एक क्रिंप ढिला असला की उरलेल्या दोघींवर भार पडतो. म्हणून ती केबल हात बसल्यावर शेवटी करा, आणि अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून प्लग बोटांनी चाचपा. एकच बाजू जास्त गरम लागली तर मशीन बंद करून तिथल्या पिना पुन्हा दाबा.