आयर्न डोम, चिनी कॅमेरे आणि आमची एजीएम: जाणकारांनी जरा सांगा

ढोकाळीचा सेक्रेटरी:

नमस्कार मंडळी. ठाण्यात ढोकाळीला ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बँकेतून निवृत्त झालो त्याच महिन्यात हे पद गळ्यात पडलं, कारण "तुम्हाला काय, वेळच वेळ."

१५ ऑगस्ट २०२५ ला झेंडावंदन झालं, समोसे आले. क्लब हाऊसच्या टीव्हीवर लाल किल्ल्यावरचं भाषण चालू होतं. त्यात पंतप्रधान 'मिशन सुदर्शन चक्र' बोलले, २०३५ पर्यंत देशाला संरक्षणाचं कवच वगैरे. झालं. समोसा हातात तसाच राहिला आणि चर्चा पेटली. बी विंगचे एक गृहस्थ म्हणाले, आपल्याकडे पण इस्रायलसारखं आयर्न डोम येणार. दुसरे म्हणाले, आलंय की, मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा एस-४०० ने काय केलं ते बघितलं नाही का. तिसरे म्हणाले, २०३५ अजून दहा वर्षं लांब आहे, तोवर सोसायटीने काय करायचं? आणि इथून गाडी जी घसरली ती थेट वार्षिक सभेच्या, म्हणजे एजीएमच्या, विषयपत्रिकेवर.

आता माझ्यासमोर तीन अर्ज आहेत, लेखी. पहिला: आपले २२ कॅमेरे चिनी आहेत, शत्रूला सगळं दिसतं, सगळे काढून नवे बसवा (कोटेशन १ लाख ८५ हजार, अधिक जीएसटी). दुसरा: गच्चीवर ड्रोन जॅमर, म्हणजे ड्रोनचे सिग्नल अडवणारं यंत्र, बसवा. खरंच लिहिलंय. सोबत एका वेबसाइटचा स्क्रीनशॉट जोडलाय. तिसरा: वॉचमनना चिनी मोबाईल वापरायला बंदी करा, लेबनॉनमध्ये पेजर फुटले तसे फुटतील.

मी हसण्यावारी नेणार होतो. पण ७ मेला देशभर मॉक ड्रिल होतं, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या आजी रात्री दिवे बंद करून पोथी घेऊन बसल्या होत्या, तीन दिवस. भीती खोटी नसते. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यायची आहे आणि मला सभासदांना काहीतरी धड उत्तर द्यायचंय. राजकारण नको, कामाचं सांगा.

निवृत्त सार्जंट, कळवा:

सेक्रेटरीसाहेब, मी एअर फोर्समध्ये रडारवर होतो. जे छापून आलेलं आहे तेवढंच सांगतो.

आधी नावांचा घोळ. एस-४०० ही रशियन यंत्रणा, २०१८ साली करार झाला, पाच स्क्वाड्रन घ्यायचं ठरलं. तिला आपल्याकडं 'सुदर्शन' म्हणतात. आणि १५ ऑगस्टला जाहीर झालं ते 'मिशन सुदर्शन चक्र', ते पुढचं, मोठं काम. तुमचे दोन सभासद दोन वेगवेगळ्या गोष्टींवरून भांडत होते.

आयर्न डोम तिसरंच. ते इस्रायलनं २०११ पासून वापरात आणलं ते गाझातून येणाऱ्या छोट्या रॉकेटांसाठी, साधारण ४ ते ७० किलोमीटरवरून सुटणाऱ्या. त्यातली खरी हुशारी क्षेपणास्त्रात नाही, हिशोबात आहे. रडार आधी बघतं की हे रॉकेट पडणार कुठं. मोकळ्या रानात पडणार असेल तर पडू देतात, वस्तीवर येत असेल तरच मारतात. कारण डोमचं एक तामीर क्षेपणास्त्र ४० ते ५० हजार डॉलरचं, म्हणजे आपले ३५ ते ४५ लाख. समोरचं रॉकेट पाण्याच्या पाइपातून केलेलं असतं.

डोमच्या एका बॅटरीच्या (म्हणजे रडार आणि लाँचर मिळून एक संच) छत्राखाली अंदाजे १५० चौरस किलोमीटर येतात. आपला ठाणे जिल्हा, पालघर वेगळं झाल्यावरसुद्धा, ४,२१४ चौरस किलोमीटर आहे. भागाकार करा. एकट्या जिल्ह्याला अठ्ठावीस लागतील. म्हणून कुठलाच देश पत्र्याच्या शेडसारखं सगळ्यावर छप्पर घालत नाही. काय वाचवायचं ते ठरवतात आणि त्याच्याभोवती थर लावतात: लांबचं एस-४०० बघेल, ७० किलोमीटरच्या आसपासचं एमआरसॅम क्षेपणास्त्र, २५-३० चं आकाश क्षेपणास्त्र, आणि अगदी डोक्यावर आलेलं तोफ.

तोफेवर जरा थांबतो, कारण टीव्हीवर तिला कुणी विचारत नाही. एल-७०. बोफोर्सची, ४० मिलिमीटर, आपल्याकडं साठच्या दशकापासून आहे. पोरं तिला म्हातारी समजतात. मे महिन्यात सीमेवर ८-९ तारखेच्या रात्री ३०० ते ४०० ड्रोन आले असं सरकारनं सांगितलं, त्यातले कितीतरी हिनं आणि तिच्या जोडीदारांनी पाडले. नवीन रडार आणि कॅमेरा बसवला की जुनी तोफ चांगली चालते. स्वस्त ड्रोनला स्वस्त गोळी, हाच हिशोब बसतो. लाखाच्या ड्रोनवर कोटीचं क्षेपणास्त्र रोज कोण मारणार? आणि हे सगळे थर एकमेकांशी बोलतात ते 'आकाशतीर' नावाच्या यंत्रणेमुळं, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं (बीईएल) केलेल्या. एका रडारला दिसलं की सगळ्यांना दिसतं.

जॅमरचा अर्ज फाडून टाका. खासगी माणसानं परवानगीशिवाय जॅमर घेणं, लावणं बेकायदा आहे. वर, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन लागणार नाही तो वेगळाच. आणि तुमच्यापासून कोलशेतचं एअर फोर्स स्टेशन किती लांब? त्यांच्या शेजारी रेडिओ सिग्नल बंद पाडायचं यंत्र लावणार? पोलीस पायऱ्या चढून गच्चीवर येतील.

ढोकाळीचा सेक्रेटरी:

सार्जंटसाहेब, धन्यवाद. भागाकार छापून नोटीस बोर्डवर लावतो. एक विचारू? ग्रुपवर एक क्लिप फिरत होती, रात्रीच्या आकाशात लाल गोळ्यांची रांग वर जाते आणि विमान पेटतं. चेअरमननी स्वतः टाकली होती.

निवृत्त सार्जंट, कळवा:

बरीचशी असली 'लढाई' आर्मा ३ नावाच्या व्हिडिओ गेममधली असते. युक्रेनच्या वेळी फिरली, गाझाच्या वेळी फिरली, मे महिन्यात आपल्याकडं फिरली. ओळखायचं कसं: कॅमेरा हलतो पण घाबरत नाही. खरंच माणूस शूटिंग करत असेल तर निम्म्या वेळा जमीन दिसते.

कॅमेरावाला, नौपाडा:

साहेब, हा धागा माझ्यासाठीच आहे. २००९ पासून ठाण्यात सीसीटीव्ही बसवतो. नवे कॅमेरे विकले तर माझाच फायदा, तरी सांगतो, १ लाख ८५ हजार लगेच काढू नका.

नियम काय आहे ते आधी. ९ एप्रिल २०२५ पासून नवीन कॅमेरा भारतात विकायचा तर कंपनीने सरकारमान्य लॅबमध्ये तपासून घ्यायचा, आतल्या सॉफ्टवेअरसकट. हे विकणाऱ्याला लागू. तुमच्या भिंतीवरचा जुना कॅमेरा उतरवा असं त्यात नाही. पुढच्या वेळी बिघडला की बदलताना तपासलेला घ्या, एवढं पुरे.

पण तुमच्या सभासदांची शंका अगदीच हवेतली नाही. २ जानेवारी २०२४ ला कीव्हवर क्षेपणास्त्रांचा मारा झाला, त्यानंतर युक्रेनच्या गुप्तचर खात्याने सांगितलं की रशियाने दोन कॅमेरे हॅक केले होते. मंत्रालयाचे नाहीत. राहत्या इमारतींचे. त्यातला एक पार्किंगवर नजर ठेवायला लावलेला! तुमच्याआमच्या स्कूटरवर असतो तसला. त्यावरून क्षेपणास्त्र कुठे पडलं, एअर डिफेन्स कुठून काम करतंय ते बघत होते.

आता तुमच्याकडे काय असणार ते न बघता सांगतो. वॉचमन केबिनमध्ये रेकॉर्डर, वर गणपतीचा फोटो, शेजारी चहाचा थर्मास. रेकॉर्डरच्या डोक्यावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर स्केच पेनने पासवर्ड. आणि तो पासवर्ड 'अ‍ॅडमिन' आणि पुढे एक दोन तीन चार. बरोबर? ही पट्टी मी कुठल्या सोसायटीत पाहिली नाही असं नाही. एका ठिकाणी तर मीच लिहिलेली होती, २०१४ सालची, अक्षर ओळखलं.

हॅकिंग म्हणजे काळा हूड घातलेला पोरगा नव्हे. कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नाही, आणि रेकॉर्डर सरळ इंटरनेटला जोडलेला, तर दार उघडंच आहे. कॅमेरा चिनी असो नाहीतर चिंचपोकळीचा. तेव्हा आधी पासवर्ड बदला, लांब ठेवा, पट्टीवर लिहू नका. राऊटरच्या सेटिंगमध्ये यूपीएनपी नावाचं बटण असतं, ते आपल्याला न विचारता बाहेरच्यांना वाट उघडून देतं, ते बंद करा. सॉफ्टवेअर अपडेट करा, जुनं मॉडेल असेल आणि अपडेटच येत नसेल तर तेवढा रेकॉर्डर बदला, बावीस कॅमेरे नाही. ऑफिसचा वायफाय आणि कॅमेऱ्यांचं नेट वेगळं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कुणी बघत नाही: मोबाईलवर कोण कोण बघतंय त्याची यादी काढा. बसवताना क्यूआर कोड सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात ना, ज्याने स्कॅन केला त्याला गेट दिसतं. फ्लॅट विकून गेलेल्यांनाही.

पेजरचं. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये जे फुटले त्यांच्या बॅटरीतच स्फोटक लपवलेलं होतं, माल पोचायच्या आधी. तो कारखान्यातला खेळ होता. साधी लिथियम बॅटरी पेटते, धूर होतो, फुगते, पण ती तशी फुटत नाही. वॉचमनच्या फोनपेक्षा मला तुमच्या बेसमेंटमध्ये रात्रभर चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरची जास्त काळजी वाटते. त्यावर अर्ज आलाय का कुणाचा?

टेंभीनाका:

काका, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) टेंभी नाक्याजवळ, १८७९ चं. माझी आत्या लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली, ती अजून फोनवर माझ्याशी मराठीतच भांडते. म्हणून आयर्न डोमबद्दल घरचं सांगते.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, डोम आहे म्हणजे लोक गच्चीवर उभे राहून फटाके बघतात. आत्याच्या घरात एक खोली आहे, तिला तिथे ममाद म्हणतात. जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार, खिडकीला पोलादी झडप. १९९१ च्या आखाती युद्धात सद्दामची स्कड क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर नव्या इमारतीत प्रत्येक घराला ही खोली सक्तीची झाली. आत्याच्या ममादमध्ये एरवी इस्त्रीचं टेबल, लोणच्याच्या बरण्या आणि माझ्या आतेभावाचा कॉम्प्युटर असतो. गाझातून रॉकेट आलं तर अश्दोदला ४५ सेकंद मिळतात. गाझाच्या अगदी कडेच्या स्देरोतला १५. आत्या त्रेसष्टची, गुडघे दुखतात. ती म्हणते, "मी गॅस बंद करायला थांबले की पंचेचाळीसातले दहा गेले." जून २०२५ मध्ये इराणशी बारा दिवस युद्ध चाललं तेव्हा आत्या झोपायचीच त्या खोलीत, कारण ती मोठी क्षेपणास्त्रं. त्यांना आयर्न डोम नाही, दुसरी यंत्रणा लागते, आणि त्यातूनही काही पडली. पाडलेल्याचेही तुकडे खाली येतातच ना. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध डोम ज्यांच्या डोक्यावर आहे, ती माणसंही सायरन झाला की खोलीत पळतात.

कॅमेऱ्याचं कॅमेरावाले दादा बरोबर सांगतायत. त्याच जूनमध्ये तिथे जाहीर सांगितलं गेलं की घरचे कॅमेरे बंद करा नाहीतर पासवर्ड बदला, इराणवाले त्यातून क्षेपणास्त्र कुठे पडलं ते बघतायत. आतेभावाने रात्री दोनला उठून बदलला. सकाळी त्यालाच आठवेना.

एक राहिलं, अ‍ॅप. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रॉकेट इशाऱ्याच्या अ‍ॅपची हुबेहूब नक्कल निघाली होती, ती फोनमधले नंबर, मेसेज सगळं उचलायची. तर सभासदांना सांगा, ग्रुपवर कुणी 'सायरन अ‍ॅप'ची लिंक पाठवली तर घेऊ नका. आपल्याकडे सरकारचं 'सचेत' आहे, प्ले स्टोअरवरून घ्या. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय? ती सरकारचीच चाचणी होती, त्याला अ‍ॅपही लागत नाही.

निवृत्त सार्जंट, कळवा:

ताई, आत्याबाईंना आमचा नमस्कार सांगा. गॅस बंद करूनच जायचं, बरोबर आहे त्यांचं.

ढोकाळीचा सेक्रेटरी:

सगळ्यांचे आभार. आज सकाळी केबिनमध्ये गेलो. गणपतीचा फोटो: आहे. थर्मास: आहे. चिकटपट्टी: आहे, आणि पासवर्डही तोच. कॅमेरावाले, तुम्ही आधी येऊन गेलाय का?

नातवाला बसवून यादी काढली. ३१ मोबाईल निघाले. कमिटीत आम्ही सात जण. बाकीच्यांत दोघं २०२१ मध्ये फ्लॅट विकून पुण्याला गेलेले, एक जुन्या लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक, एक नुसताच 'सॅमसंग' नावाचा, तो कुणाचा ते कळलं नाही. सगळे काढले, पासवर्ड बदलला, यूपीएनपी बंद केलं. खर्च शून्य. बेसमेंटच्या ई-स्कूटरचा विषय मात्र एजीएमला घेतोय, त्यावर दंगा होणार हे नक्की, कारण त्यातली एक चेअरमनची आहे.

जॅमरवाल्यांना सार्जंटसाहेबांचं उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी अर्ज मागे घेतला, आता गच्चीवर सायरन हवाय म्हणतात.

एक घोटाळा झाला. त्या ३१ मध्ये एक नंबर आमच्या व्याह्यांचा होता. २०२२ ला लेकीच्या लग्नात गेटवर पाहुण्यांच्या गाड्या दिसाव्यात म्हणून मीच जोडून दिला होता. तीन वर्षं ते रोज नाशिकहून आमचं गेट बघत होते, असं आज दुपारी त्यांच्या फोनवरून कळलं. "कॅमेरा बंद झालाय तुमचा, बघून घ्या" म्हणाले. सौंना सांगितलंय, आता काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा.