राज्यशास्त्रासाठी नऊ लाखांचं कर्ज: मूर्खपणा की आणखी काही?

अनुराधा_क
परवा 'बारावीनंतर काय' या धाग्यावर तिरकस यांनी ठोकून दिलं: "राज्यशास्त्राला बँकांनी कर्जच देऊ नये. पोरगं भाषणं ठोकणार आणि हप्ते बाप भरणार." तिथेच उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझी भाची यंदा एका खासगी विद्यापीठात राज्यशास्त्रात बी.ए. करायला जातेय. फी आणि वसतिगृह मिळून तीन वर्षांचे नऊ लाख, सगळे कर्जाचे. हिशेब आम्हालाही येतो हो. पण कर्ज काढून इंजिनियर झालेली पोरं पंधरा हजारांवर राबताना दिसतात, तेव्हा बँकांची काळजी कुणालाच वाटत नाही. ती गुंतवणूक आणि ही उधळपट्टी? धोरण-संशोधन, पत्रकारिता, निवडणूक सर्वेक्षणं, पुढे कायदा, सगळीकडे या विषयाची माणसं आहेत. आणि 2015 च्या यूपीएससीत देशात पहिली आलेली टीना डाबी राज्यशास्त्राचीच पदवीधर.

तिरकस
आलंच का ते नाव! वाटच बघत होतो. 2022 ला पहिली आलेली इशिता किशोर अर्थशास्त्राची पदवीधर, वैकल्पिक विषय मात्र राज्यशास्त्र. म्हणजे तो विषय घ्यायला त्यातली पदवी लागत नाही. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, मग नऊ लाखांचीच कशाला?

आता आकडे. दरवर्षी तीन लाख उचलले, व्याज 10 टक्के धरा. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज झोपत नाही. सरळव्याजानेच 2 लाख 70 हजार होतात. हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर 11 लाख 70 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण 15,500. पंधरा वर्षं केलीत तर 12,600 च्या आसपास, पण एकूण भरणा साडेबावीस लाखांच्या वर. आता नुसत्या बी.ए.ला पहिली नोकरी कितीची लागते ते तुम्हीच सांगा. शिवाय साडेसात लाखांच्या पुढे सरकारी बँक सहसा तारण मागते. कुणाचा फ्लॅट कागदावर गेलाय, विचारलंत का?

मोरपीस
शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत विसरलात की. व्याजाची पूर्ण वजावट मिळते, आठ वर्षं.

तिरकस
जुन्या करप्रणालीत मिळते. आणि त्यासाठी आधी कर बसेल एवढा पगार पाहिजे, ताई.

दिगंबर_सर
कमाईचं विचारताय ना, मग ऐका. राज्यशास्त्रात एम.ए., सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएच.डी. आणि आज तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, तासाप्रमाणे मानधन. दरवर्षी नव्याने मुलाखत, नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत सत्र निम्मं संपलेलं. मानधन महिनोन्‌महिने अडकतं, मग एकदम मिळतं. उन्हाळी सुट्टीत शून्य. कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या आयोगात सुरुवातीचं मूळ वेतनच 57,700. फळा तोच, अभ्यासक्रम तोच, पेपर तपासणीही तीच.

कायम जागेच्या मुलाखतीला गेलो तर संस्थाचालकांनी आधी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सर, तयारी किती आहे?" मी सांगितलं, तीन शोधनिबंध प्रसिद्ध झालेत. ते हसले. बाहेर शिपायाने खरा अर्थ समजावला.

मोरपीस
दर काय चाललाय हल्ली?

दिगंबर_सर
आमच्याकडे जमीन विकावी लागेल एवढा.

खडाष्टक
सर, राग मानू नका, पण हे तुम्ही प्रत्येक धाग्यावर लिहिता. परवा आंब्याच्या लोणच्याखालीही सीएचबी. पटत नाही तर सोडा की, कुणी बांधून ठेवलंय?

दिगंबर_सर
सोडून काय करू? तुमच्या कंपनीत पीएच.डी. झालेला, चाळिशी ओलांडलेला कारकून घेतात का? नेट-सेट झालेली माणसं तासावर राबवायची आणि वर 'सोडा की' म्हणायचं. तुमच्या मुलांना कोण शिकवतं, एकदा कॉलेजात जाऊन बघा.

खडाष्टक
मुलं माझी, कॉलेज मी बघतो. आवाज खाली.

भाऊ_बार्शीकर
भांडा निवांत. मूळ प्रश्नाचं सांगतो. राज्यशास्त्र शिकू नये असं नाही, नऊ लाखांत शिकू नये. अनुदानित कॉलेजात बी.ए. करा, सरकारी विद्यापीठात एम.ए. काही हजारांत होतं. पुढे जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची संशोधन शिष्यवृत्ती, निघाली तर उलट महिना 37,000 मिळतात. माझा पुतण्या याच वाटेने गेला, एक रुपया कर्ज नाही.

अनुराधा_क
भाऊ, जेआरएफ किती जणांची निघते तेही लिहा. पुतण्याचं अभिनंदन, पण सगळ्यांचे पुतणे तसे नसतात.

तिरकस, तुमच्या आकड्यांत चूक सापडली नाही. हेच परवा लिहिलं असतंत तर भाषणबिषण काढावं लागलं नसतं. आता भाची अनुदानित कॉलेजात का जात नाही तेही ऐका. तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्राला एकही कायम प्राध्यापक नाही. जे होते ते निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. दिगंबर सर धागा भरकटवत नाहीयेत, भाचीच्या नऊ लाखांचं कारण सांगताहेत.

तिरकस
लिहायला जड जातंय, पण हा मुद्दा खरा आहे. तरी जागा सरकारने भरली नाही आणि हप्ता भाचीने भरायचा, याला मी शहाणपणा म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत अजून कायम माणसं असलेली अनुदानित कॉलेजं आहेत. वसतिगृहाचा खर्च धरूनही एवढं होणार नाही. निदान तारण न लागणाऱ्या रकमेत तरी बसवा.

अनुराधा_क
फ्लॅट माझ्या बहिणीचा आहे. तुमचा नाही.

तिरकस
म्हणूनच एवढ्या मोकळेपणाने सांगतोय.

मोरपीस
दिगंबर सर, तुमच्याकडे यंदाची सीएचबीची जाहिरात आली का? वहिनीची सेट झालीय, विषय राज्यशास्त्रच.