मदत हवी आहे: लुथरन चर्चमधली उपासना समजून घ्यायचीय

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. माझ्या भाचीचं लग्न गुंटूरच्या लुथरन कुटुंबात ठरलंय आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या रविवारच्या उपासनेला आम्ही सगळे जाणार आहोत. शेजारच्या कॅथलिक लोकांबरोबर मीस (त्यांची चर्चमधली मुख्य उपासना) मी लहानपणापासून बघितलीय, पण तेवढ्यावर सगळं कळेल असं वाटत नाही.

वाचलं त्यात कळलं की मार्टिन लुथरने (ज्या जर्मन धर्मसुधारकाच्या नावावरून हा प्रोटेस्टंट पंथ आहे) मीसचा बराचसा साचा तसाच ठेवला, फक्त १५२६ साली ती लोकांच्या भाषेत म्हणजे जर्मनमध्ये मांडली, सगळ्यांनी मिळून गायचं, भाकर आणि वाइन दोन्ही सगळ्यांना द्यायची. आणि उपासनेला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ देवाची सेवा, पण लुथरन लोक म्हणतात की आधी देवच आपली सेवा करतो, वचनातून आणि प्रभुभोजनातून (म्हणजे त्या भाकर-वाइनच्या विधीतून), हे मला फारच आवडलं.

आता विचारायचं असं की सुरुवातीला सगळे मिळून पापांची कबुली देतात तेव्हा आम्ही नुसतं उभं राहिलं तर चालेल ना? प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच बसायचं की पुढे जाऊन फक्त आशीर्वाद घेता येतो? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, भाचीच्या सासरचं मन दुखवायचं नाहीये.