अमेरिकी विद्यापीठ ग्रंथालयांतल्या रेसिडेन्सी: ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात?

शेल्फरीडर
मुख्यतः गोरे नसलेल्या नवख्या ग्रंथपालांसाठी तिकडे दोन-तीन वर्षांच्या मुदतीची ‘रेसिडेन्सी’ असते. डेलावेअर विद्यापीठाने १९८३ पासून हा कित्ता घालून दिला. माझं मत: या बंद करा, थेट कायम जागा भरा. पहिलं वर्ष विभाग फिरण्यात जातं: संदर्भसेवा, कॅटलॉगिंग, दुर्मिळ संग्रह. हात बसतो न बसतो तोच अर्ज सुरू करावे लागतात, कारण तिथली भरती सहज सहा महिने खाते. वर विविधता समितीत नाव, फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथचं प्रदर्शन. मूल्यमापनात या सगळ्याची किंमत? ‘सेवा’ या रकान्यात एक ओळ!

तालिका
रोगापेक्षा औषध जालीम. ‘एन्ट्री लेव्हल’ म्हणून जाहिरात द्यायची आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागायचा, हे सर्रास चालतं. रेसिडेन्सी नसेल तर तो आणायचा कुठून? शिवाय तिचा पैसा बहुधा एकरकमी निधीतून येतो. ती बंद केली म्हणून कायम पगाराची तरतूद होत नसते.

शेल्फरीडर
एकरकमी निधी हीच तर गोम आहे. निधी संपला की माणूस बाहेर. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९-१० च्या आकड्यांत पदवीधर ग्रंथपालांपैकी सुमारे ८८ टक्के गोरेच होते.

तालिका
त्यात सार्वजनिक आणि शाळांची ग्रंथालयंही येतात. त्याचं खापर रेसिडेन्सीवर कशाला?

कपाटबंद
दोघंही रोजच्या जाचाबद्दल गप्प. डेस्कवर पदाची पाटी असते, तरी सावळा चेहरा दिसला की समोरचा विचारतो, “ग्रंथपाल कुठे आहेत?” सहकाऱ्यांकडूनच असं झालं तर तक्रार करायची कोणाकडे? शिफारसपत्र देणाऱ्या साहेबाकडेच? म्हणून मार्गदर्शक दुसऱ्या विभागातला हवा, आणि समितीच्या कामाचे तास नेमणूकपत्रातच लिहिलेले हवेत.

ओपीटीवाला
आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी आणखी एक मेख. पदवी निव्वळ ग्रंथालयशास्त्राची असेल तर ओपीटी (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) १२ महिन्यांचीच, स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या पदव्यांना मिळणारी) मुदतवाढ नाही. दोन वर्षांच्या पदात दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाचं काय, ते रुजू होण्याआधी लेखी घ्या. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही, पण अर्ज करायचा की नाही हे त्यांच्याच हातात.

तालिका
लेखी घ्यायचंच तर कायम करण्याची अटही मागा. बंदीपेक्षा ते बरं.

शेल्फरीडर
मागा की. ‘निधी उपलब्ध असल्यास’ एवढी शेपटी त्या अटीला लागली, की तिचा उपयोग शून्य.