हट्टी, खोडकर कुत्र्याला घराची शिस्त कशी लावलीत? अनुभव सांगा

मालवणहून, धागा काढते आहे:
आमचा बंड्या गावठीच, गेल्या पावसाळ्यात गडग्याखाली भिजत बसलेला मिळाला, आता दहा महिन्यांचा झालाय. जीव फार लावतो पण हट्टीपणा विचारू नका. चपला पळवणं, खळ्यात वाळत घातलेली सुकट हाणणं, येईल त्याच्या अंगावर दोन पाय टाकून उभं राहणं हे रोजचंच. सगळ्यात कठीण म्हणजे आई मागच्या दारी बांगडे कापायला बसली की समोर उभा राहून भुंकतो, माशाचं डोकं टाकेपर्यंत थांबत नाही. दुर्लक्ष करा म्हणतात म्हणून चार दिवस केलं तर भुंकणं दुप्पट झालं, काल तर आईचा पदर धरून ओढला. मे महिन्यात मुंबईची मंडळी येतील, त्यात भावाचं धाकटं नुकतं चालायला लागलंय. दिवसभर बांधून ठेवणं जिवावर येतं. ज्यांनी असा कुत्रा ताळ्यावर आणलाय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

गुहागरहून:
चार दिवसांत सोडू नका हो, हाच टप्पा अवघड असतो. आजवर भुंकलं की मिळत होतं, आता मिळत नाही म्हटल्यावर तो आधी जोर वाढवूनच बघणार, आणि नेमकं तेव्हाच आपण कंटाळून डोकं टाकतो, म्हणजे त्याला कळतं की पाच मिनिटं पुरत नाहीत, वीस मिनिटं भुंकायचं. आमच्या शेरूने सहाव्या दिवशी असा आकांत मांडला की शेजारच्या काकी बघायला आल्या. पण नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही हे आमच्या उशिरा लक्षात आलं. काय करायचं नाही ते त्याला कळलं, पण मग करायचं काय? विळीपासून सहा-सात पावलांवर गोणपाट टाकलं. आधी मासे नसतानाच, दिवसातून तीन-चारदा दोन-दोन मिनिटं, चारही पाय गोणपाटावर आले की चण्याएवढा चिकनचा तुकडा तिथेच गोणपाटावर टाकायचा. मग बसला तर. मग विळी नुसती आणून ठेवली, मग रिकामी टोपली, आणि शेवटी खरे मासे. उठला की सुरी-विळी थांबवायची, ओरडायचं नाही, परत बसला की काम चालू. विळीजवळून त्याला काहीही मिळता कामा नये, कधीच. आता टोपलीचा आवाज आला की शेरू स्वतःच जाऊन गोणपाटावर बसतो.

रत्नागिरीहून:
आमची चूक सांगते, कोणी करू नका. ‘मालक कोण ते तिला दाखवा’ असं एकाने सांगितलं म्हणून ह्यांनी आमच्या कुत्रीला मानगूट धरून जमिनीवर दाबलं. ती घाबरली आणि मनगटाला कडकडून चावली. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला आणि तडक दवाखाना गाठला, तिचं रेबीजचं लसीकरण झालेलं होतं तरी ह्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. मागाहून वाचलं की लांडग्यांच्या कळपातला ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांना दाबून ठेवणारा म्होरक्या, ही कल्पना ज्यांच्यामुळे पसरली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) ह्यांनीच 1999 साली लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. आम्ही उगाच घरात लढाई लावली होती. ती परत हाताजवळ यायला दीड महिना गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वेंगुर्ल्याहून:
कुत्र्याआधी घरच्यांना शिकवा. आमच्याकडे सगळे नियम पाळायचे आणि आजी पानातला घास टाकायची, वर “खाव दे रे, मुक्या जनावर ता”. दहा वेळा नाही मिळालं आणि अकराव्यांदा मिळालं तरी कुत्रा बाराव्यांदा मागणारच. आजीला बोलून उपयोग नव्हता, मग तिलाच काम दिलं. स्टीलचा छोटा डबा, आत भाकरीचे सुके तुकडे. जेवणं झाली, हात धुतले की ती ओटीवर बसते, “बस रे बाळा” म्हणते, तो मागचा भाग टेकतो, शेपटीने जमीन झाडत राहतो, मग ती झाकण उघडते. पानातलं देणं तिचं आपोआप बंद झालं. कांदा घातलेलं कालवण तेवढं देऊ नका, कुत्र्याला कांदा बाधतो.

आंजर्ल्याहून:
मी किनाऱ्याबद्दलच लिहितो. आमच्याकडे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वाळूत पुरलेली घरटी कुत्री उकरतात, म्हणून मोकळा सोडायचा प्रश्नच नाही. दहा मीटरची दोरी लावून नेतो. ‘ये’ म्हटलं आणि आला की दरवेळी काहीतरी चांगलं, आणि ‘ये’ म्हणून बोलावून कधी ओरडलो नाही, एकदा जरी ओरडलात ना तरी पुढच्या वेळी तो विचार करून येतो. सुटलेले गळ आणि जाळ्याचे तुकडे वाळूत पडलेले असतात तेही बघा. सकाळी अर्धा तास हुंगत हुंगत चालला की दिवसभराच्या खोड्या निम्म्या होतात, हा स्वानुभव.

देवगडहून:
लहान मूल येणार तर पडवीला आत्ताच कमरेएवढं बांबूचं फाटक करून घ्या, मे महिन्यात घाईत करू नका. आमच्याकडे आंब्याच्या सीझनला दिवसभर माणसं ये-जा करतात, हा प्रत्येकावर उडी मारायचा. ढकललं तर त्याला खेळ वाटायचा. मग सगळ्यांनी एकच केलं, उडी मारली की पाठ फिरवायची, हात छातीशी, चारही पाय जमिनीवर आले की खाली वाकून लाड. गड्यांनाही सांगून ठेवलं. तीन आठवडे लागले. आणि मूल आणि कुत्रा दोघांनाच एकत्र सोडू नका, कितीही गरीब असला तरी. रात्री त्याला घरात घ्या, बिबट्या अंगणातून बांधलेला कुत्रा उचलतो, आमच्या वाडीत झालंय.

मालवणहून, परत मीच:
सगळ्यांचे खूप आभार, वेंगुर्ल्याच्या आजींना नमस्कार सांगा. आज सतरावा दिवस. नवव्या दिवशी मी रडकुंडीला आले होते पण आईने डोकं टाकलं नाही. आज तिने सहा बांगडे कापले, बंड्या गोणपाटावर होता, दोनदा उठला, आईने विळी थांबवली, दोन्ही वेळा आपणहून परत बसला. लाळ गळून गोणपाट पुढून ओलं झालं होतं. भुंकला नाही. फाटकासाठी बांबू उद्या आणतोय.