बासचा सस्टेन आणि पितळी ब्रिजचं खूळ

खर्जप्रेमी
बास गिटारवर छेडलेला सूर किती टिकतो, म्हणजे सस्टेन, आणि बॉडीवर तारा टेकवणारा ब्रिज, यावरून काल इथेच एकाने ठणकावलं: "बासला सस्टेन हवा तर कंपनीचा वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज फेका, जड पितळी बसवा, विषय संपला." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. हे वाचून नवी मुलं पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या बहुतेक बासवर जी (G) स्ट्रिंगला, म्हणजे सर्वात बारीक तारेला, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास एक सूर हमखास लवकर मरतो. ब्रिज कुठलाही लावा, मरतोच. तिथे स्ट्रिंगचं कंपन आणि नेकचं, म्हणजे दांड्याचं, स्वतःचं कंपन जुळतं, आणि स्ट्रिंगची ताकद नेक खाऊन टाकतो. म्युनिकच्या हेल्मुट फ्लायशर यांनी हे मोजून दाखवलंय, ब्रिजच्या बाजूने जाणारी ताकद त्यापुढे किरकोळ. स्वतः बघा ना. तो सूर वाजवताना हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्यांचं टोक, कपाटाला घट्ट टेकवा. सूर लांबला तर दोष नेकचा. हेडस्टॉकला क्लॅम्प लावून वजन वाढवलं की डेड स्पॉट, म्हणजे सूर मरतो ती जागा, नाहीसा होत नाही, सरकतो. दोन सुरांच्या मधे जाऊन पडला की आपलं काम झालं.

बाकी सगळीकडेच सूर तोकडा वाटत असेल तर आधी पिकअप, म्हणजे तारांखालचा चुंबकी भाग, खाली घ्या. चुंबक फार जवळ असला की स्ट्रिंगला ओढतो, सूर डगमगतो आणि लवकर बसतो. मग डावा हात बघा. बोट फ्रेटच्या लगेच मागे हवं आणि सूर संपेपर्यंत दाब सुटता कामा नये. निम्म्या लोकांचा सस्टेन तिथेच जातो.

ठाणेकर_बास
साफ असहमत. मी ब्रिज बदलला, फरक पडला, आमच्या ड्रमरलासुद्धा न सांगता कळला. प्रयोगशाळेतलं मला सांगू नका, मला कान आहेत.

खर्जप्रेमी
ब्रिज बदलला तेव्हा स्ट्रिंग्स जुन्याच चढवल्या होत्या का?

ठाणेकर_बास
नव्या टाकल्या. जुन्या कोण परत चढवतं?

खर्जप्रेमी
मग तुमच्या ड्रमरने नव्या स्ट्रिंग्स ऐकल्या.

मिरजकर
थांबा. तंबोऱ्याची सगळी आस घोडीवरच्या जवारीत असते. आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या ते काम चालतं. आणि तुम्ही म्हणता ब्रिजने काही होत नाही?

खर्जप्रेमी
जवारीत तार घोडीच्या रुंद, किंचित गोलाईच्या पृष्ठभागाला लागत-सुटत राहते, त्यातून वरचे स्वर फुलतात. बासच्या सॅडलवर, म्हणजे ब्रिजच्या तार पेलणाऱ्या तुकड्यावर, तार एका धारेवर टेकते. पितळ असो की जस्त, ती धारच. जवारीच्या जवळचं काही बासमध्ये असेल तर ते फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बासवर. तिथे तार फिंगरबोर्डला हलकी घासते. जाझ बासवादक जाको पास्टोरियसने फिंगरबोर्डला इपॉक्सी दिला होता, तो टणक पृष्ठभाग त्या आवाजात ऐकू येतो.

मिरजकर
बरं, सॅडलचं पटलं. पण "ब्रिजचं खूळ" हे शीर्षक तरी बदला.

लो_बी
"नव्या स्ट्रिंग्स" म्हणायला सोपं आहे हो. बासचा सेट गिटारच्या सेटच्या कितीतरी पट महाग. आम्ही जुन्याच उकळतो. पातेल्यात दहा मिनिटं, पुसून उन्हात. परत नव्यासारख्या.

दादर_स्लॅप
कृपा करून हे पसरवू नका! घामाचा चिकटा निघतो, मान्य. पण वळशांच्या आत पाणी राहतं आणि मुंबईच्या हवेत कोअर, म्हणजे आतली मूळ तार, गंजतो. स्ट्रिंगच्या टोकाला गुंडाळलेलं रेशीम विस्कटतं ते वेगळंच. माझी ए स्ट्रिंग अशीच कार्यक्रमात तुटली, ऐन सोलोत.

लो_बी
नीट वाळवली नसेल.

दादर_स्लॅप
ओव्हनमध्ये वाळवली होती. तुमची "परत नव्यासारखी" चमक आठवडाभर टिकते का, ते खरं सांगा.

लो_बी
आठवडाभर टिकते. आमचा कार्यक्रम एकाच रात्रीचा असतो. मिळणाऱ्या मानधनात नवा सेट येत नाही, हे दादरच्या लोकांना कळणार नाही.

दादर_स्लॅप
दादरचा काय संबंध? मानधन आम्हालाही तेवढंच मिळतं. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, पाणी नाही, गंज नाही. वाजवून झाल्यावर रोज फडक्याने पुसा, निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

लो_बी
स्पिरिटचं करून बघेन. उकळणं चूक आहे हे मात्र मानणार नाही.

जुनी_पी_बास
तुम्हा सगळ्यांना इतका सस्टेन हवाय कशाला? मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बासवादक जेम्स जेमर्सनने १९६२च्या फेंडर प्रिसिजन बासवर फ्लॅटवूंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या स्ट्रिंग्स लावल्या, वर्षानुवर्षं बदलल्या नाहीत, ब्रिजच्या झाकणाखाली फोम. सूर कुठे थांबतो त्यावर ग्रूव्ह उभा राहतो. आजची पोरं सूर सोडतच नाहीत, ड्रमच्या किकच्या अंगावर सांडतात.

ठाणेकर_बास
आणि बॅलडमध्ये? चार मात्रांचा लांब सूर तिसऱ्या मात्रेला मेला तर फोमचं काय करू? मला सूर थांबवायचा तर मी हाताने थांबवेन. आधी तो असायला हवा.

जुनी_पी_बास
बॅलडचा मुद्दा बरोबर आहे. तिथे कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाची चढउतार कमी करणारं यंत्र, लावा.

ऑर्केस्ट्रावाला
कॉम्प्रेसर सूर लांबवत नाही. सुरुवातीचा ठोका दाबतो, मग गेन वाढवला की शेपूट वर येतं. त्याबरोबर अर्थिंग नसलेल्या मांडवातली घूंऽऽ पण वर येते. साउंडवाला त्यावर आणखी एक कॉम्प्रेसर लावतो आणि बासचा चिखल होतो. कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे तो किती लवकर दाबायला लागतो ते, मोकळा ठेवा, ठोका बाहेर येऊ द्या, तीन-चार डेसिबलच्या वर दाबू नका. आणि मंडळांनी साउंडवाल्याला चाचणीसाठी अर्धा तास दिला पाहिजे. हे मी दर वर्षी सांगतो, कोणी ऐकत नाही.

ठाणेकर_बास
खर्जप्रेमी, काल रात्री हेडस्टॉक कपाटाला टेकवून बघितला. जी स्ट्रिंगच्या पाचव्या फ्रेटचा सी लांबला. ब्रिज मात्र मी काढणार नाही.

खर्जप्रेमी
काढू नका. स्ट्रिंग्स त्याच ठेवून दोन्ही ब्रिजचं रेकॉर्डिंग इथे टाका, पिकअपची उंची न हलवता. फरक ऐकू आला तर शीर्षक मी आजच बदलतो.