मदत हवी आहे: जेडीके १७ वर कंपाइल केलेला कोड जावा ८ वर मधेच पडतोय

मंडळी, जावावाले कोणी असाल तर जरा बघा, माझं डोकं चालेनासं झालंय.

आमचं एक जुनं अॅप आहे, क्लायंटच्या सर्व्हरवर जावा ८ आहे आणि ते बदलायचं कोणी नाव काढत नाही. बिल्ड सर्व्हरवर मात्र अपडेट झालं आणि तिथे जेडीके १७ (कंपायलर आणि लायब्ररीसकट जावाचा डेव्हलपमेंट किट) आलं. पॉम फाइलमध्ये (मेव्हन या बिल्ड टूलची सेटिंग फाइल) सोर्स आणि टार्गेट दोन्ही १.८, म्हणजे जावा ८, आधीपासूनच आहेत त्यामुळे काही बिघडेल असं कोणाला वाटलं नाही, आणि खरंच बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या, सर्व्हरवर अॅप उठतंय पण, लॉगिन होतंय, छोटे रिपोर्ट निघतायत. पण मोठी फाइल इम्पोर्ट करायला घेतली की धाडकन नोसचमेथडएरर, म्हणजे अशी मेथडच नाही. आणि मेथड कुठली, तर बाइटबफर या जावाच्याच क्लासची फ्लिप! अहो ती जावा १.४ पासून आहे, ती नाही म्हणजे काय?

तेच तेच उपाय नकोत म्हणून काय बघून झालंय ते सांगतो. सर्व्हरवर जावा ८ च चालतोय, दुसरा कुठला नाही. जावापी (क्लास फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं टूल) लावून क्लास फाइल बघितली, मेजर व्हर्जन ५२ येतंय, म्हणजे जावा ८ चंच. तिथे ६१ (जावा १७ चं) असतं तर अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर देऊन जेव्हीएमने (कोड चालवणारं जावाचं इंजिन) दारातच अडवलं असतं, तसंही नाही. क्लीन बिल्ड केला, लोकल रिपॉझिटरी उडवली, जार (क्लास फाइलींचं गाठोडं) उघडून बघितली. आणि तोच कोड माझ्या लॅपटॉपवर जेडीके ८ ने कंपाइल केला की इम्पोर्ट मस्त चालतं. एकच सोर्स, एकच टार्गेट, मग फरक येतोय कुठून?

प्रतिसाद १: एररची पूर्ण ओळ टाका, मेथडच्या कंसानंतर काय लिहिलंय ते हवंय. आणि बिल्डच्या लॉगमध्ये बूटस्ट्रॅप क्लास पाथ सेट नाही अशी काही वॉर्निंग येते का?

धागाकर्ता: वॉर्निंग येते, दर बिल्डला येते. एररमध्ये फ्लिप, रिकामे कंस आणि त्यापुढे परत बाइटबफरचं पूर्ण नाव आहे.

प्रतिसाद १: मग सापडलं. टार्गेट १.८ म्हटल्यावर कंपायलर बाइटकोड (जेव्हीएमला कळणारा कंपाइल झालेला कोड) ८ चा काढतो, बास, तेवढंच. लायब्ररीतले क्लास मात्र तो स्वतःच्याच जेडीकेतले बघतो, म्हणजे तुमच्याकडे १७ चे, आणि ती वॉर्निंग नेमकं हेच सांगत असते. आता जावा ८ मध्ये फ्लिप ही बफर या वरच्या क्लासमध्ये आहे आणि ती बफर परत करते. जावा ९ मध्ये बाइटबफरने ती ओव्हरराइड केली आणि रिटर्न टाइप बाइटबफर केला. सोर्समध्ये तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही, पण क्लास फाइलमध्ये कॉल लिहिताना मेथडच्या नावाबरोबर रिटर्न टाइप पण लिहिला जातो आणि जेव्हीएम तो सगळा जुळवून बघतो. तशी मेथड ८ मध्ये नाहीच, म्हणून एरर. क्लिअर, रिवाइंड, लिमिट, पोझिशन सगळ्यांची हीच गत आहे. अॅप सुरू होताना कळत नाही कारण हॉटस्पॉट (नेहमीचा जेव्हीएम) तो कॉल पहिल्यांदा चालवायची वेळ येते तेव्हाच शोधतो, आणि तुमचा तो कोड फक्त मोठ्या फाइललाच चालत असणार.

उपाय: सोर्स-टार्गेट काढा आणि रिलीज ८ द्या. जेडीके ९ पासून जावासीला (जावाचा कंपायलर) हा फ्लॅग आहे, त्याने ८ ची एपीआयच समोर ठेवून कंपाइल होतं. मेव्हनचं कंपायलर प्लगइन ३.६ किंवा वरचं लागेल.

प्रतिसाद २: अगदी हाच घोळ ७ वरून ८ ला जाताना कॉन्करंटहॅशमॅपच्या कीसेटने घातला होता, तिथेही रिटर्न टाइपच बदलला होता. आणि टेस्ट हिरव्या म्हणताय त्या १७ वर चालल्या असतील हो, त्या हिरव्या येणारच! टूलचेन (कुठलं जेडीके वापरायचं ते सांगणारी मेव्हनची सोय) लावून टेस्ट जावा ८ वर चालवा, नाहीतर त्या टेस्टना काय अर्थ आहे.

प्रतिसाद ३: क्लायंटला सांगा जावा ८ सोडा आता. २०१४ चं आहे ते.

धागाकर्ता: @३ सांगून बघा तुम्हीच :) आणि सर्व्हर वर नेला तरी सुखाचं नाहीये, आमच्यात जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्टची अदलाबदल करणारी लायब्ररी) आहे जे जावा ११ ला जेडीकेतून काढून टाकलंय, शिवाय एक जुनी लायब्ररी रिफ्लेक्शनने जेडीकेच्या पोटात हात घालते ते १७ मध्ये अॅड-ओपन्स हा जेव्हीएमचा फ्लॅग दिल्याशिवाय चालत नाही.

@१ रिलीज ८ टाकलं, इम्पोर्ट चाललं!! खूप आभार. पण आता ज्यांच्या लॅपटॉपवर जेडीके ८ आहे त्यांचा बिल्ड इनव्हॅलिड फ्लॅग म्हणून पडतोय.

प्रतिसाद १: पडणारच, ८ च्या जावासीला तो फ्लॅग माहीतच नाही. पॉममध्ये प्रोफाइल करा, जेडीके ९ किंवा वरचं असेल तरच अॅक्टिव्ह होणारं, आणि रिलीज त्यात ठेवा. बाहेर सोर्स-टार्गेट राहू दे, रिलीज असलं की प्लगइन ते बघत नाही. फ्लॅग अजिबातच नको असेल तर फ्लिपच्या आधी बफरवर कास्ट करा, दोन्हीकडे चालतं, फक्त प्रत्येक जागी करावं लागेल आणि नवीन माणूस येऊन तो कास्ट फालतू समजून उडवेल.

धागाकर्ता: प्रोफाइल जमलं, दोन्हीकडे बिल्ड होतोय. पण एक एक्सपोर्टचा स्क्रीन अजून त्याच एररने पडतोय, आणि स्टॅक ट्रेसमध्ये आमचा क्लास नाहीये, बाहेरची जार आहे.

प्रतिसाद २: ती जार बनवणाऱ्याने पण तुमच्यासारखंच टार्गेट ८ देऊन वरच्या जेडीकेवर कंपाइल केली असणार. तिथे तुमच्या फ्लॅगचा उपयोग शून्य, तयार बाइटकोडला तो हात लावत नाही. त्या जारचं मागचं किंवा पुढचं व्हर्जन घ्या आणि जावापीला सी फ्लॅग देऊन त्यात फ्लिप कुठल्या टाइपने बोलावलंय ते बघा.

धागाकर्ता: मागच्या व्हर्जनमध्ये बफर येतंय. तेच लावतोय.